घरातल्या पाकोळ्या : या चुका टाळा

मृग तोंडावर आला की आमच्याकडे घरोघरी कवेलू (छतावरची कौले) फेरण्याची घाई सुरू होते आणि त्याच घाईत आड्याजवळच्या फटी सिमेंटने बुजवल्या जातात. सर्वांत क्रूर चूक हीच आहे. पाकोळ्या म्हणजे घराच्या फटींत राहणारी लहान वटवाघळे. उन्हाळ्याच्या अखेरीस अनेक पाकोळ्यांची पिल्ले लहान असतात. त्यांना उडता येत नाही, त्यामुळे सायंकाळी माद्या बाहेर पडल्यावर फट बुजवली की पिल्ले आत उपाशी मरतात.

माझ्या थोरल्या भावाने नेमके हेच केले. रात्रभर माद्या ओल्या सिमेंटला धडकत राहिल्या. चौथ्या दिवशी घरात उभे राहवेना, आणि पाटईच्या (लाकडी माळ्याच्या) फटींतून अळ्या खाली तुरीच्या पोत्यांवर पडू लागल्या. शेवटी कवेलूंच्या तीन ओळी उतरवल्या, तेव्हा अंगठ्याएवढी, अंगावर लवही न आलेली अकरा पिल्ले एकमेकांना चिकटून मेलेली सापडली.

मी हे काम दिवाळीनंतरच्या थंडीत करतो. आधी तीन सायंकाळ अंगणात बसून पाकोळ्या कोणत्या फटीतून निघतात ते पाहतो, कारण बोटभर फटही त्यांना पुरते. त्या निघून गेल्यावर टॉर्च लावून आत पिल्ले आहेत का तेही पाहतो. असल्यास काम पुढे ढकलतो. मग फटीवर बारीक जाळी वरून आणि दोन्ही बाजूंनी ठोकतो, खालचे टोक हातभर मोकळे सोडतो. पाकोळी सरपटत खालून निघते, पण परतीची वाट तिला सापडत नाही. आठवडाभराने आत कोणी उरले नाही याची खात्री झाली की फट बुजवतो. एका सायंकाळीत मोकळे व्हायचे असेल त्यांनी या कामाला हात लावू नये. पाकोळ्या गोठ्यातच असतील तर मी त्यांना हलवतही नाही. रात्री शेतावरचे पतंग आणि डास त्याच टिपतात.

मिरचीचा धूर करू नका. घाबरलेल्या पाकोळ्या थेट घरात उतरतात, आणि जुन्या लाकडी छताला आग लागण्याचा धोका वेगळाच. डांबराच्या गोळ्यांनी त्या जात नाहीत, वासाचा त्रास मात्र घरच्यांना होतो. वाळलेली लेंडी कोरडी झाडू नका, कारण त्या धुळीतून बुरशी फुप्फुसात जाऊ शकते. नाकाला फडके बांधून आधी पाणी शिंपडा. खोलीत पाकोळी शिरली तर पंखा व दिवा बंद करून दारे-खिडक्या उघडा. उघड्या हाताने तिला पकडू नका. चावलीच तर जखम 15 मिनिटे साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि रेबीजच्या लसीबद्दल विचारा. वटवाघळांनी उष्टावलेला आंबा किंवा पेरू कापून खाऊ नका, टाकून द्या.

गावाजवळच्या चिंचेवर लटकणाऱ्या मोठ्या वटवाघळांचा पाकोळ्यांच्या या त्रासाशी संबंध नाही. ती फळे खातात आणि मोहाच्या बिया दूरवर नेऊन टाकतात. फळे खाणाऱ्या वटवाघळांना 1972 च्या वन्यजीव कायद्यातील उपद्रवी प्राण्यांच्या यादीत टाकले होते; 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच वगळली. ती चिंच तोडू नका.