जोगचा धबधबा पाहायला जाताना या चुका टाळा

कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात शरावती नदी २५३ मीटर खाली कोसळते आणि राजा, राणी, रोअरर व रॉकेट असे तिचे चार प्रवाह होतात. हे वर्णन वाचून मार्च-एप्रिलमध्ये तिथे पोहोचणाऱ्यांना मात्र बहुतेक वेळा कोरडा कातळ आणि त्यावरून ओघळणाऱ्या बारीक धारा दिसतात. याला केवळ उन्हाळा कारणीभूत आहे, असे समजणे चुकीचे आहे. धबधब्याच्या वरच्या बाजूला १९६४ मध्ये लिंगनमक्की धरण पूर्ण झाले आणि तेव्हापासून नदीचे बहुतांश पाणी जलाशयातून तलकळले येथील संतुलन जलाशयात (वीजगृहासाठी पाणी साठवणाऱ्या मधल्या तलावात) व तेथून वीजगृहात नेले जाते, म्हणजे ते कड्यावर येतच नाही.

सर्वाधिक निराशा होते ती पावसाच्या भरवशावर सहल आखल्यामुळे. जोरदार पाऊस म्हणजे भरलेला धबधबा, हे समीकरण येथे लागू पडत नाही, कारण जूनपासूनचे पाणी आधी जलाशयाची तूट भरून काढते. त्या काळात कड्यावर जे पाणी दिसते ते मुख्यतः धरणाच्या खालच्या भागात पडलेल्या पावसाचे असते. जलाशयाची पूर्ण पातळी १८१९ फूट आहे. पाणी तिच्या जवळ पोहोचल्यावरच दरवाजे उघडण्याची वेळ येते, आणि कमी पावसाच्या वर्षी ती येतही नाही. म्हणून निघण्यापूर्वी हवामानाच्या अंदाजापेक्षा धरणाची पातळी व विसर्ग यांच्या बातम्या पाहाव्यात. नायगाऱ्याला पर्यटनाच्या वेळेत सेकंदाला किमान १ लाख घनफूट पाणी सोडण्याचे बंधन अमेरिका व कॅनडा यांच्या १९५० च्या करारानेच घातले आहे. तशी हमी येथे गृहीत धरू नये.

भर पावसाळ्यात दरी धुक्याने भरलेली दिसली, तर लगेच परत फिरू नये; धुके विरळ होण्यासाठी हाताशी पुरेसा वेळ ठेवावा.

पाणी कमी असताना नदीपात्रात किंवा डोहात उतरण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. वर आकाश निरभ्र असले तरी धरणातून विसर्ग सुरू झाल्यास पाण्याची पातळी वेगाने चढू शकते, आणि शेवाळलेल्या खडकांवरून घाईने बाहेर पडणे पोहता येणाऱ्यालाही जमेलच असे नाही. इशाऱ्याचा भोंगा ऐकू आला, तर सामान तेथेच सोडून आधी काठावर यावे.