नोकरीनंतर स्वतंत्र एचआर सल्लागार : सोलापुरात सुरुवात कशी करायची

सत्तावीस वर्षं मी अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात काढली. टाइम ऑफिसात हजेरी मांडायला लागले आणि एचआर मॅनेजर म्हणून बाहेर पडले. आता तिसरं वर्ष आहे, सात कारखान्यांचं काम माझ्याकडे आहे. जुने सहकारी भेटले की विचारतात, "मॅडम, आम्हालाही जमेल का?" जमेल. मी कसं केलं ते सांगते.

राजीनाम्याआधी दोन गोष्टी करा. वर्षभराच्या घरखर्चाची बेगमी आणि स्वतःचा आरोग्य विमा. नोकरीसोबत कंपनीचा विमाही जातो, हे सुटल्यावर लक्षात येऊन उपयोग नाही.

काम मोठ्या कंपन्यांत शोधू नका, त्यांच्याकडे त्यांची माणसं असतात. आपलं काम आहे पंधरा ते साठ कामगारांच्या कारखान्यात : युनिफॉर्म शिवणारे, टॉवेल-चादरीवाले, चिंचोळी एमआयडीसीतले छोटे उद्योग. तिथे मालक, त्यांचा भाचा आणि एक अकाउंटंट एवढ्यांवर सगळं चालतं. पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) यांचं चलन 15 तारखेच्या आत भरणारा माणूस बहुधा आधीच असतो. त्याच्या पोटावर पाय देऊ नका. नेमणूकपत्रं, रजेचा हिशोब, बोनस, सोडून जाणाऱ्याचा शेवटचा हिशोब, यांकडे कुणाचंच लक्ष नसतं. तिथून शिरा.

पहिल्या भेटीत अनुभव सांगत बसू नका. तीन कागद मागा : हजेरीपत्रक, पगारपत्रक आणि पीएफचं चलन. तिन्हींतली डोकी मोजा. एका शिवण कारखान्यात मला हजेरीवर 34, पगारपत्रकावर 26 आणि चलनावर 17 माणसं सापडली. मालकांनी तीन आकडे एकाखाली एक लिहिलेले पाहिले आणि चहा मागवला. त्या दिवशी मला काम मिळालं.

ईएसआय 10 माणसांपासून लागू होतो, पीएफ 20 पासून. म्हणून काही जण एकाच छपराखाली बायकोच्या नावानं दुसरी फर्म काढतात आणि कामगार वाटून टाकतात. असं काम मी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका. कामगार कागदावर नसला की त्याचं काय होतं, ते एका मावशींमुळे मला पक्कं कळलं. अकरा वर्षं त्या टॉवेलच्या घड्या घालत होत्या. गुडघे गेले म्हणून काम सोडलं, पण त्या कधी लागल्या याचा एकही कागद नव्हता. मी जुन्या दिवाळी बोनसच्या वह्या काढायला लावल्या. दरवर्षी त्यांचा अंगठा होता. महिन्याचा पगार 10,400 रुपये भागिले 26, गुणिले 15 दिवस, गुणिले 11 वर्षं : ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ नोकरीनंतर मिळणारी रक्कम, 66,000 रुपये झाली. मालकांनी वह्या पाहिल्या आणि चेक दिला. आपलं सगळं ज्ञान असल्या वेळी कामाला येतं.

आत्ता दार उघडं आहे ते नव्या श्रम संहितांमुळे. 21 नोव्हेंबर 2025 पासून 29 जुन्या कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावं लागतं, आणि भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यावर गेले तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. म्हणजे जवळपास प्रत्येक पगारपत्रक पुन्हा बसवावं लागणार. आधी स्वतः नीट वाचा. आपलं अर्धं पाठांतर जुन्या कायद्यांचं आहे.

बायकांनी आणखी एक काम जरूर करावं (पुरुषांनाही मनाई नाही). 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते. तिच्या अध्यक्षपदी तिथलीच वरिष्ठ बाई हवी, निम्म्या तरी सदस्य बायका हव्यात आणि एक सदस्य या विषयाची जाण असलेला, बाहेरचा हवा. तो बाहेरचा सदस्य तुम्ही होऊ शकता. शिवण कारखान्यांत बायकाच जास्त, पण समिती कित्येकदा कागदावरसुद्धा नसते. माहितीचा फलक मराठीसोबत तेलुगूतही लावा, शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागात तो वाचला जातो. मी "बागुन्नारा?" (बऱ्या आहात ना?) एवढं विचारून बोलायला सुरुवात करते, मग बायका मोकळ्या होतात.

पैशांचं सगळं लेखी ठेवा. माझं पहिलं काम तोंडी ठरलं, दोन महिने राबले, एक रुपया आला नाही. आता दोन पानी पत्र करते : काय करणार, महिन्यात किती फेऱ्या, पैसे कधी. चाळीस कामगारांपर्यंत महिना 8,000 घेते, पहिला महिना आगाऊ. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. ती असली की बिलासाठी कायदा पाठीशी राहतो : लेखी मुदत नसेल तर 15 दिवसांत पैसे यायला हवेत, असेल तरी जास्तीत जास्त 45. व्यवसाय कर वर्षाला 2,500. जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली तर. एकाच कारखान्याकडून वर्षात 50,000 च्या पुढे गेलात तर बिलातून 10 टक्के टीडीएस (आधीच कापलेला आयकर) कापला जाऊ शकतो, तो रिटर्न भरताना हिशोबात येतो.

नवं गिऱ्हाईक श्रावणात शोधा. किमान बोनस 8.33 टक्के, आणि इथे तो दिवाळीआधी हातात पडलाच पाहिजे, त्यामुळे मालकांच्या डोक्यात तेव्हापासून आकडेमोड सुरू असते. जानेवारीत गड्डा यात्रेच्या आठवड्यात मात्र कुणाची वेळ मागू नका, अर्धं शहर सिद्धेश्वरांच्या यात्रेत असतं.