आयईएलटीएसच्या स्पीकिंगमध्ये इंग्रजी वाक्प्रचार कसे वापरावेत

आयईएलटीएसची, म्हणजे परदेशी शिक्षण-नोकरीसाठी द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी सुरू झाली की क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इडियम्सची एक लांबलचक पीडीएफ हमखास येते. ती वाचा, पण पाठ करायला बसू नका. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', 'पीस ऑफ केक' आणि 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स' ही मंडळी परीक्षकाने इतक्यांदा ऐकलेली असतात की ती आली की उत्तर घोकलेलं आहे अशी शंका येणारच.

आधी गुण कुठे मिळतात ते बघा. स्पीकिंगची मुलाखत 11 ते 14 मिनिटांची असते आणि ती चार निकषांवर तपासली जाते: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. प्रत्येकाला 25 टक्के वजन. वाक्प्रचार यातल्या शब्दसंपदेत मोजले जातात. गुणांच्या पायरीला इथे बँड म्हणतात. बँड 6 च्या वर्णनात वाक्प्रचारांचा उल्लेखच नाही. बँड 7 मध्ये आहे, आणि तिथेही काही निवडी चुकल्या तरी चालतात. म्हणजे सहावरून सातवर जायला वाक्प्रचार उपयोगी आहेत, पण ते आठवताना बोलणं अडखळलं तर एका खिशात आलेलं दुसऱ्या खिशातून गेलं.

पहिलं काम: स्वतःचं बोलणं ऐका

एखादा नेहमीचा विषय घ्या, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि दोन मिनिटं बोला. मग ते ऐकत जसंच्या तसं कागदावर उतरवा, 'अं', 'यू नो' सकट. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही. कागदावर 'व्हेरी गुड', 'व्हेरी नाइस', 'व्हेरी हॅपी' किती वेळा आलं ते दिसेल. त्यांच्या खाली रेघ मारा. नवे शब्द भरायच्या जागा याच. जे मुळात बरं जमलंय तिथे हात लावू नका.

म्हणींच्या आधी फ्रेजल व्हर्ब्ज

इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस दिवसभरात म्हणी क्वचितच वापरतो, पण 'एंड अप', 'फिगर आउट', 'पुट अप विथ', 'रन आउट ऑफ' ही फ्रेजल व्हर्ब्ज, म्हणजे क्रियापद आणि त्याला जोडलेले छोटे शब्द, सतत वापरतो. बँडच्या वर्णनात 'इडियमॅटिक' म्हणतात त्यात हेही येतं, आणि 'हेवी ट्रॅफिक', 'स्ट्राँग टी' अशा ठरलेल्या शब्दजोड्याही. आपल्याकडे मात्र शाळेपासून हा भाग गाळलेल्या जागा भरण्यापुरताच शिकवला जातो. त्यामुळे कळतं सगळं, तोंडात येत नाही.

एक उदाहरण घेऊ. मुलाखतीच्या दुसऱ्या भागात बोलायचा विषय लिहिलेलं क्यू कार्ड देतात. त्यावर विषय आला: ठरवल्याप्रमाणे न झालेला प्रवास. तुम्ही मुंबईहून पुण्याला निघालात आणि खंडाळ्याच्या घाटात बस बंद पडली. साध्या इंग्रजीत हे 'वुई स्टार्टेड अर्ली, देअर वॉज ट्रॅफिक, द बस स्टॉप्ड' असं होईल. चूक काहीच नाही, पण गुण वाढवणारंही काही नाही. आता तेच असं सांगा: 'वुई सेट ऑफ अॅट डॉन', 'वुई गॉट स्टक इन ट्रॅफिक', 'द बस ब्रोक डाउन हाफवे अप द घाट', 'वुई एंडेड अप हॅविंग वडापाव बाय द रोडसाइड'. यात एकही म्हण नाही, तरी हे बोलणाऱ्याला इंग्रजीची सवय आहे असं वाटतं. 'घाट' हा शब्द ठेवायला हरकत नाही. पुढे 'द माउंटन रोड' एवढं जोडलं की झालं.

असे पंधरा-वीस वाक्प्रयोग पुरेत. निवडताना एकच कसोटी लावा: हा माझ्या कुठल्या आठवणीला लागू पडतो? 'फॉल आउट विथ समवन' शिकलात तर कोणाशी अबोला धरला होता ते आठवा आणि त्या भांडणासकट वाक्य म्हणा. आठवण नसेल तर तो वाक्प्रयोग सोडून द्या, परीक्षेत तो तुमच्या मदतीला येणार नाही.

मराठी आणि भारतीय वळणं काढून टाका

नवीन शिकण्याइतकंच हेही महत्त्वाचं. आपण 'परीक्षा दिली' म्हणतो म्हणून 'आय गेव्ह द एक्झाम' तोंडात येतं. तिथे 'टूक' हवं. 'आय पास्ड आउट इन 2019' याचा अर्थ बाहेरच्या माणसाला 'मी 2019 मध्ये बेशुद्ध पडलो' असा लागतो, 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. 'कझिन ब्रदर'मधला 'ब्रदर' काढा, 'डिस्कस अबाउट'मधला 'अबाउट' काढा. 'आय ॲम लिव्हिंग इन नाशिक सिन्स फाइव्ह इयर्स' हे वाक्य तर जवळपास प्रत्येकाच्या तोंडी असतं. तिथे 'आय हॅव बीन लिव्हिंग' आणि 'फॉर फाइव्ह इयर्स' हवं. आपल्याकडे चालतं म्हणून ही वळणं कानाला खटकत नाहीत, त्यामुळे रेकॉर्डिंगचा कागद हातात घेऊनच शोधावी लागतात.

शब्दरचना आणि प्रसंग, दोन्ही सांभाळा

वाक्प्रचार ठरलेल्या रूपातच चालतात. 'कॉस्ट ॲन आर्म अँड अ लेग' याचं 'आर्म्स अँड लेग्ज' केलं की गंमत होते. 'ओव्हर द मून' मधला 'द' मराठी माणूस हमखास गाळतो, कारण मराठीत आर्टिकल नाही. काळ मात्र बदलावा लागतो: गोष्ट गेल्या वर्षीची असेल तर 'वॉज ओव्हर द मून'.

प्रसंगाचं भान त्याहून मोठं. आवडत्या व्यक्तीवर बोलताना पुष्कळ जण वारलेल्या आजी-आजोबांबद्दल बोलतात. पीडीएफमध्ये मृत्यूसाठी 'किक द बकेट' असतं. तो थट्टेचा शब्दप्रयोग आहे. आजोबांसाठी 'पास्ड अवे' एवढंच. शंका असेल तर इंटरनेटवरच्या लर्नर्स डिक्शनरीत बघा. तिथे 'इन्फॉर्मल', 'ह्युमरस', 'ओल्ड-फॅशन्ड' अशा खुणा असतात. 'ओल्ड-फॅशन्ड' दिसलं की पान उलटा.

कुठल्या भागात काय

पहिला भाग चार-पाच मिनिटांचा, घर, काम, आवडीनिवडी असा. इथे हलकंफुलकं बोला: 'आय ॲम नॉट मच ऑफ अ मॉर्निंग पर्सन', 'आय ॲम रिअली इंटू कुकिंग', 'एव्हरी नाऊ अँड देन'. तिसऱ्या भागात चर्चा समाज, शिक्षण, तंत्रज्ञानाकडे वळते. तिथे 'इन द लाँग रन', 'बाय अँड लार्ज', 'इट कट्स बोथ वेज' असे प्रयोग शोभतात, कारण ते मत मांडायला खरोखर कामी येतात. मधल्या भागाबद्दल शेवटी सांगतो.

शब्द आठवलाच नाही तर

थांबू नका, वर्णन करा. पोळपाटाला इंग्रजीत काय म्हणतात हे कुणाला पटकन आठवत नाही. 'द राउंड बोर्ड वुई रोल चपातीज ऑन' म्हटलं की काम झालं. दुसऱ्या शब्दांत सांगता येणं हेही शब्दसंपदेत मोजलं जातं, त्यामुळे यात कमीपणा नाही. वाक्प्रचार अर्ध्यात फसला तर 'आय मीन' म्हणून साध्या शब्दांत वाक्य पूर्ण करा. परीक्षकाच्या चेहऱ्याकडे बघत 'सॉरी, सॉरी' करत बसू नका. त्यात वेळ जातो आणि ओघाचे गुणही.

क्यू कार्डचं एक मिनिट

दुसऱ्या भागात तयारीला एक मिनिट मिळतं, कागद-पेन्सिल मिळते आणि मग एक ते दोन मिनिटं बोलायचं असतं. त्या मिनिटात पूर्ण वाक्यं लिहायला गेलात तर दोन ओळींत वेळ संपेल. कार्डवरच्या मुद्द्यांसमोर एकेक शब्द लिहा आणि बाजूला तुमच्या पंधरा-वीस वाक्प्रयोगांतले या गोष्टीला लागू पडणारे तीन. प्रवासाच्या गोष्टीला 'सेट ऑफ', 'ब्रोक डाउन', 'एंडेड अप', बस्स. बोलताना त्यातले दोनच आले तर तिसऱ्यासाठी मागे वळू नका.