मेडिकल लायब्ररीत रिसर्च डेटाचं काम करायचंय? आधी दुसऱ्यांच्या एक्सेल शीट वाचायला शिका

नवीन मुलं हमखास विचारतात की या कामाला पायथन लागतं का, स्टॅटिस्टिक्स लागतं का. येत असेल तर उत्तमच, पण सुरुवातीला त्यावाचून फारसं अडत नाही. अडतं ते समोरच्या रिसर्चरला नीट प्रश्न विचारता आले नाहीत की. रेफरन्स डेस्कवर बसलेल्यांना ही सवय असतेच, फक्त इथे 'कुठला पेपर हवाय' ऐवजी डेटा कुठून येतो, कुठे ठेवता, कोणाकोणाला दिसतो आणि तो भरणारा पीएचडीवाला उद्या सोडून गेला तर या फाइल्स कोणाला कळणार, असं विचारायचं. शेवटच्या प्रश्नावर बऱ्याचदा शांतता पसरते, तिथूनच आपलं काम सुरू होतं बघा.

लोक येतात मात्र ऐनवेळी. अमेरिकेच्या एनआयएचने (मेडिकल रिसर्चला पैसे देणारी सरकारी संस्था) २५ जानेवारी २०२३ पासून सायंटिफिक डेटा तयार होणार असलेल्या प्रत्येक ग्रँटच्या अर्जासोबत डेटा मॅनेजमेंट अँड शेअरिंग प्लॅन, म्हणजे डेटा कसा सांभाळणार आणि इतरांना कसा देणार याचा आराखडा, मागायला सुरुवात केली, त्यामुळे डेडलाइनच्या आदल्या संध्याकाळी 'दोनच पानं आहेत, लिहून द्या ना' म्हणणारे भेटतात. लिहून देऊ नका. डीएमपीटूल या असे प्लॅन लिहायच्या वेबसाइटवरचा टेम्प्लेट उघडा आणि त्यांच्यासोबत बसा, कारण डेटा कुठल्या रिपॉझिटरीत (डेटा जपून ठेवायच्या ऑनलाइन भांडारात) जाणार, कधी जाणार, जबाबदारी कोणाची हे त्यांनीच ठरवायचं असतं आणि नंतर पाळायचंही त्यांनाच असतं.

आता एक्सेल. खरं शिक्षण इथेच होतं. पिवळ्या रंगाचे सेल म्हणजे काय हे फक्त रंगवणाऱ्याला माहीत, रिकामा सेल म्हणजे टेस्ट केलीच नाही की रिझल्ट आला नाही ते कळत नाही, कोणीतरी 'माहिती नाही' म्हणून ९९९ टाकलेलं असतं आणि दुसरा त्याचाही सरासरीत हिशेब करून मोकळा होतो, तारखा एकाच कॉलममध्ये तीन पद्धतीने. मार्च१, सेप्ट१ अशा नावांच्या जीन्सची एक्सेल परस्पर तारीख करून टाकायचं, शेवटी जीन्सची नावं ठरवणाऱ्या कमिटीने २०२० मध्ये नियमावलीच सुधारली आणि ही नावं बदलली! तेव्हा सॉफ्टवेअर नाही बदललं, जीन्सची नावं बदलली, काय बोलणार. म्हणून डेटा डिक्शनरी (कुठल्या कॉलमचा आणि कोडचा अर्थ काय याची यादी) आणि रीडमी फाइल (कुठल्या फाइलमध्ये काय आहे ते सांगणारी) करायला लावणं हे मला या कामातलं सगळ्यात मोलाचं वाटतं, दिसायला कितीही कंटाळवाणं असलं तरी. प्रोजेक्ट अजून सुरू व्हायचा असेल तर थेट रेडकॅप या रिसर्चचा डेटा भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये फॉर्म करा म्हणून सांगा, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

पेशंटच्या डेटाबाबत मात्र जपून. 'नावं काढलीत, आता शेअर करू' हे वाक्य खूपदा ऐकायला मिळतं. पेशंटच्या माहितीची गोपनीयता जपणाऱ्या अमेरिकेच्या हिपा कायद्यातल्या सेफ हार्बर या ओळख पुसायच्या पद्धतीत १८ प्रकारची माहिती काढावी लागते, त्यात ॲडमिशनची तारीखही येते (वर्ष ठेवलं तर चालतं) आणि ८९ च्या वरचं वयही, ते सगळं '९० आणि पुढे' असं एकत्र करायचं. बाकी ठिकाणचे नियम वेगळे, पण दुर्मिळ आजार, वय आणि छोटं गाव एकत्र आलं की माणूस ओळखू येतो हे सगळीकडे सारखंच. आपण धोका दाखवायचा, अंतिम होकार एथिक्स कमिटी किंवा प्रायव्हसी ऑफिसने द्यायचा, तिथे आपण उगाच सही करायला जाऊ नये. आणि झेनोडो या सगळ्यांना खुल्या रिपॉझिटरीवर डीओआय (डेटाचा कायमचा ओळख क्रमांक) मिळतो म्हणून सगळंच तिथे टाकायचं नसतं, जीनोमचा वगैरे संवेदनशील डेटा डीबीगॅपसारख्या, परवानगी घेऊनच डेटा वापरता येतो अशा रिपॉझिटरीतच जातो.

शिकायला लायब्ररी कार्पेन्ट्रीचे धडे फुकट आहेत, त्यातला ओपनरिफाइनचा (विस्कळीत डेटा साफ करायचं सॉफ्टवेअर) आधी करा, लगेच वापरात येतो. आणि नोकरी शोधताना फक्त 'डेटा लायब्ररियन' टाकून थांबू नका, रिसर्च डेटा मॅनेजर, डेटा स्टुअर्ड, डेटा क्युरेटर हेही शोधा, कारण कित्येक जाहिरातींत लायब्ररी हा शब्दच नसतो आणि काम मात्र जवळपास हेच असतं.