पेडल खाली जातं, पण क्लच सुटत नाही

आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा २ वर्षांचा ट्रेड करून मी कोल्हापुरात एका गॅरेजला लागलो, तेव्हा क्लचचं काम म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा, प्लेट बदलायची, गिअरबॉक्स चढवायचा, एवढंच डोक्यात होतं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. नवा माल टाकलाय, बिल झालंय आणि दुसऱ्या दिवशी गाडी परत दारात उभी राहते: गिअर पडत नाही. नव्याने या धंद्यात येणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय, कारण अशा वेळी घाई केली की सबंध दिवस वाया जातो आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही जातो.

माझ्या पहिल्याच वर्षातली गोष्ट. एक सात सीटर डिझेल गाडी आली. दुसऱ्या गॅरेजमध्ये क्लच सेट बदलला होता, सोबत स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा खालचा सिलिंडर, तोही नवा टाकलेला. मालक म्हणाले, "सकाळी रिव्हर्स टाकताना कर्र आवाज येतो. दोन-तीनदा क्लच मारला की मग पडतो." मी ऐकलं आणि थेट गिअरबॉक्सखाली जॅक लावायला निघालो. प्लेट उलटी बसली असणार, असं माझं ठाम मत होतं.

मेस्त्रींनी हात धरला. "त्यांनी काय सांगितलं ते नीट ऐकलंस का? आधी स्लेव्हला मोजपट्टी लाव."

क्लच दाबल्यावर गाडीखाली नेमकं काय होतं ते आधी डोळ्यांसमोर आणा. पेडलची दांडी मास्टर सिलिंडरचा दट्ट्या ढकलते, तेल नळीतून स्लेव्हमध्ये जातं, स्लेव्हची दांडी फोर्क ढकलते, फोर्क रिलीज बेअरिंगला आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांना. समजा मास्टरचा व्यास १५.८७ मिलिमीटर आहे आणि स्लेव्हचा १९.०५. मास्टरचा दट्ट्या २५ मिलिमीटर सरकला, तर स्लेव्हची दांडी साधारण १७ मिलिमीटर सरकते. आता नळीत हवा असेल आणि त्या २५ पैकी ८ मिलिमीटर हवा दाबण्यातच खर्च झाले, तर खाली जेमतेम १२ पोचतात. पेडल पार तळाला टेकतं, पण प्लेट फ्लायव्हीलपासून पूर्ण सुटत नाही. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअरांचा वेग जुळवणारी कडी) नसतो, म्हणून तक्रार पहिल्यांदा तिथेच ऐकू येते.

मी गाडीखाली गेलो आणि स्टीलची पट्टी स्लेव्हच्या दांडीशेजारी धरली. मेस्त्रींनी वरून क्लच दाबला. पहिल्या दाबाला दांडी ९ मिलिमीटर सरकली. भराभर मारल्यावर चौथ्या दाबाला १४. मेस्त्रींनी वरूनच विचारलं, "प्लेट उलटी असती तर क्लच मारून फरक पडला असता का?" नसता पडला. प्लेट उलटी असेल तर दांडी पूर्ण सरकते आणि तरीही क्लच सुटत नाही. इथे दांडीच कमी सरकत होती, म्हणजे दोष तेलाच्या वाटेवर होता. माझा सबंध दिवस त्या एका पट्टीने वाचवला. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये स्लेव्हचा प्रवास दिला असेल तर तो आकडा वहीत लिहून ठेवा. दिला नसेल तर क्लच चांगला असलेल्या तशाच गाडीवर मोजून घ्या.

मग एअर काढायला बसलो. याची रीत साधी आहे, पण दोघांच्या बोलण्यात मेळ पाहिजे. वरचा हळू दाबतो आणि "धरलं" म्हणतो. खालचा स्लेव्हवरचा निप्पल, म्हणजे हवा काढायचा पोकळ स्क्रू, पाव वळसा उघडतो, तेल जाऊ देतो, निप्पल बंद करतो आणि "सोड" म्हणतो. त्याआधी वरच्याने पाय उचलला तर काढलेली हवा परत आत ओढली जाते. मास्टरला तेल पुरवणाऱ्या डब्यातलं तेल खाली जाऊ द्यायचं नाही. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचचा डबा एकच असतो, त्यामुळे तिथे हलगर्जी केली तर विषय क्लचपुरता राहत नाही.

तीनदा एअर काढली. दांडी १० वर अडली ती अडलीच. निप्पलला लावून बाटलीत सोडलेल्या नळीत बुडबुडाही नाही, सगळं स्वच्छ तेल. मग हवा गेली कुठे? टॉर्च लावून सिलिंडरकडे नीट पाहिलं. नव्या स्लेव्हला एकाच आट्याची दोन भोकं होती, एक वर, एक खाली. ज्याने सिलिंडर बसवला त्याने तेलाची नळी वरच्या भोकात लावली होती आणि निप्पल खालच्या. हवा वर जाते. ती वरच्या कोपऱ्यात बसून होती आणि आम्ही खालून तेल काढत होतो. नळी आणि निप्पल यांची अदलाबदल केली, तांब्याचे वॉशर नवे टाकले आणि पुन्हा निप्पल उघडला. पहिल्यांदा नुसती फसफस, मग पांढरा फेस, मग तेल. पट्टीवर पहिल्याच दाबाला १६.

तेव्हापासून दुरुस्तीनंतर परत आलेल्या गाडीला मी पहिला प्रश्न विचारतो: काय काय बदललं? जुनं बिल मागून घ्या. दोष बहुतेक वेळा ज्याला हात लागलाय त्याच्याच आसपास असतो.

मास्टर बदलला असेल तर पेडलची दांडी पाहा. पेडल पूर्ण वर असताना दांडी आणि दट्ट्या यांच्यात किंचित मोकळीक लागते. ती नसेल तर दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, डब्याकडे तेल परत जायचं बारीक भोक झाकलेलंच राहतं आणि तेल गरम होऊन फुगलं की त्याला जायला जागा उरत नाही. अशी एक गाडी आमच्याकडे आंबा घाट चढून आली होती. कोल्हापुरातून निघताना ठीक, घाटात इंजिन ओरडतंय आणि वेग वाढत नाही. सगळ्यांनी सांगितलं, प्लेट जळाली. गरम असतानाच स्लेव्हचा निप्पल जरा उघडला, तेलाची पिचकारी उडाली आणि क्लच लगेच पकडायला लागला. आत दाब अडकून पडला होता. दांडीचा नट फिरवून मोकळीक दिली. प्लेट शाबूत होती. पण ही तपासणी करताना चष्मा घाला. ते तेल डोळ्यांत जाता कामा नये. रंगावर सांडलं तर रंगही उचलतं, म्हणून लगेच पाण्याने धुवा.

पेडल दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली सरकत गेलं, तर आधी गळती शोधा: स्लेव्हचं रबरी बूट उचलून आत ओल आहे का, आणि केबिनमध्ये पेडलच्या दांडीवरून तेल उतरलंय का. दोन्हीकडे कोरडं असेल तर रबरी नळीला नळीसाठीचाच क्लॅम्प लावा, साधी पक्कड नको, नळी आतून फाटते. क्लॅम्प लावून पेडल दगडासारखं झालं तर मास्टर ठीक आहे, दोष पुढे आहे. तरीही पेडल बसत असेल तर मास्टरच्या आतलं रबरी वॉशर तेल मागे सोडतंय. जुनी नळीही सोडू नका. दाबताना ती फुगते का ते बोटांनी चाचपून कळतं.

तेलाबाबत मी कुणाचंच ऐकून घेत नाही. डब्याच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचे दर्जे) जे लिहिलंय तेच. हे तेल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उघडी पडलेली बाटली वापरू नका. आणि चुकून इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं तेल पडलं असेल तर नुसतं धुऊन भागत नाही. आतली रबरं फुगतात, ती सगळी बदलावी लागतात.

आता दांडी पूर्ण सरकतेय, पेडल घट्ट आहे आणि तरी गिअर पडत नाही, तेव्हाच गिअरबॉक्स उतरवा. तिथे प्लेट उलटी असू शकते, फोर्क पिव्होटवरून, म्हणजे तो ज्या टेकूवर हलतो त्यावरून, सुटलेला असू शकतो, चुकीचा सेट आलेला असू शकतो. आणखी एक गोष्ट जी नवीन पोरांच्या हातून होते: चढवताना गिअरबॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर (प्लेटमध्ये घुसणाऱ्या दांड्यावर) लटकू देतात आणि प्लेटचा हब, म्हणजे मधला भाग, वाकतो. बोल्ट लागेपर्यंत जॅकचा आधार सोडू नका.

स्लेव्ह बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) आत, शाफ्टभोवती असेल, तर पट्टी लावायला जागाच नसते. तिथे प्रवास पेडलच्या घट्टपणावरून आणि गिअर कसा पडतो त्यावरून ताडावा लागतो. म्हणून असा स्लेव्ह क्लच सेटबरोबर बदलून टाकावा, असं माझं मत आहे. गिअरबॉक्स खाली असताना कुणी पेडल दाबलं तर त्याचा दट्ट्या बाहेर निसटतो. आम्ही काम सुरू करतानाच पेडलखाली लाकडाचा ठोकळा लावतो.

गाडी परत देण्याआधी शेवटची तपासणी: इंजिन आयडलला, क्लच पूर्ण दाबायचा, मनात तीन मोजायचे आणि रिव्हर्स टाकायचा. ही तपासणी इंजिन गरम असताना एकदा आणि रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर एकदा, कारण उरलेली हवा बऱ्याचदा सकाळच्या पहिल्या दाबालाच कळते. त्या सात सीटरच्या मालकांना गाडी संध्याकाळीच हवी होती. मेस्त्रींनी त्यांना समजावून ती ठेवून घेतली. सकाळी साडेआठला शटर उघडलं, मी गाडीत बसलो, चावी फिरवली, क्लच एकदाच दाबला, तीन मोजले. रिव्हर्स आवाज न करता पडला. मग मालकांना फोन केला.