थकलेल्या पगाराचा दावा सगळ्यांनी मिळून कसा लावावा

मालक 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणायला लागला की आधी शंभर पानी वही आणा. घोषणा, वकील, युनियन हे सगळं नंतर.

वहीत प्रत्येकाला एक पान: कामाला लागल्याची तारीख, ठरलेला पगार, हातात आलेला, राहिलेला, महिन्यागणिक. मस्टर, म्हणजे हजेरीपट, मालकाच्या कपाटात असतं, म्हणून आपला पुरावा आपणच जमवायचा. पासबुकातल्या नोंदी, गेटपास, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, 'उद्या सेकंड शिफ्टला ये' असा सुपरवायझरचा व्हॉट्सॲप मेसेज. आमच्यातल्या एका वेल्डरने भिंतीवरच्या कॅलेंडरवर ओव्हरटाइमच्या दिवसांना लाल गोल केले होते. ती मळकी पानंही आम्ही जोडली. पगार दिला हे सिद्ध करणं मालकाच्या अंगावर असतं, पण तुम्ही तिथे राबलात हे तुम्हालाच दाखवावं लागतं.

मग सगळ्यांच्या सह्यांचं मागणीपत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळायला हवा. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तर कामाच्या २ दिवसांत.

उत्तर आलं नाही, तर कामगार आयुक्त कार्यालयात जाऊन वेतनाचे दावे कोणत्या अधिकाऱ्यापुढे चालतात ते विचारा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू आहे. तिच्या कलम ४५ प्रमाणे एका आस्थापनेतल्या कितीही जणांसाठी एकच अर्ज चालतो; नोंदणीकृत युनियनही आपल्या सभासदांसाठी तो करू शकते. दावा लावायची मुदत ३ वर्षं. जुन्या कायद्यात ती १२ महिने होती आणि तिथेच कित्येकांचे दावे बुडायचे. ठेकेदाराकडून लागला असाल तर अर्जात ठेकेदारासोबत मूळ कंपनीचंही नाव घाला. अर्जाच्या आपल्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो.

दावा शक्यतो ३ महिन्यांत निकाली काढावा, असं कायदा म्हणतो. आपण मात्र जास्त तारखांची तयारी ठेवावी. थकबाकीच्या १० पटींपर्यंत भरपाई देता येते. मालकाने पैसे भरले नाहीत, तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलासारखी वसुली होते.

खरी फाटाफूट कोर्टाबाहेर होते. दोघा-तिघांना केबिनमध्ये चहाला बोलावतात, पुढ्यात पाकीट आणि 'फुल अँड फायनल'चं, म्हणजे सगळा हिशोब मिटला असं सांगणारं, कोरं व्हाउचर ठेवतात. घरात गॅस संपलेला असला की हात पुढे जातोच, त्याला दोष देऊ नये. पैसे घ्या, पण कोऱ्या कागदावर सही नको. रक्कम आणि 'थकबाकीपैकी' एवढं आपल्या हाताने लिहा, मग सही करा आणि तिथेच फोटो काढा.