खाण्याच्या आजारातून सावरणाऱ्या मुलांचा फोन: या चुका टाळा

हॉस्पिटलमधून घरी आलो त्या रात्री मी लेकीचा फोन कपाटात ठेवून कुलूप लावलं. सोळा वर्षांची पोर, अॅनोरेक्सिया म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणंच टाळण्याचा आजार, आणि माझ्या मते सगळ्याचं मूळ तो फोन. आठवड्याभरात कळलं की ती मैत्रिणीच्या मोबाइलवर दुसरं अकाउंट उघडून तेच बारीक होण्याचे व्हिडिओ बघतेय, फक्त आता माझ्यापासून लपवून. शिवाय तिच्याशी रोज बोलणाऱ्या दोन मैत्रिणीही मीच तोडल्या होत्या. फोन काढून घेऊ नये असं नाही, पण ते डॉक्टरांशी आणि मुलीशी बोलून ठरवावं.

दुसरी चूक मला आजही बोचते. ती तासन् तास रेसिपीचे रील्स बघायची आणि मी खूश, म्हटलं भूक परत आली! बाबांच्या वाढदिवसाला तिने केक केला, सगळ्यांना मोठमोठे तुकडे वाढले. तिच्या ताटलीतला तुकडा मात्र काट्याने चुरून कडेला लावलेला. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुणांवर उपासमारीचा प्रयोग झाला होता. पोट अर्धवट राहिल्यावर त्यांच्यातले काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. उपाशी मेंदू अन्नाभोवतीच घुटमळतो. रेसिपी बघणं म्हणजे खाणं नव्हे, ताटाकडे बघा.

अकाउंटवर 'रिकव्हरी', म्हणजे आजारातून सावरणं, असं नाव दिसलं की निर्धास्त होऊ नका. आधीचा हाडं दिसणारा फोटो, नंतरचा फोटो, किलोचे आकडे, 'मी दिवसभरात काय खाते' असे व्हिडिओ पाहून आमची म्हणायची, "आई, मी तर हिच्याइतकी आजारी नव्हतेच." म्हणजे स्पर्धा सुरू. उलट आकडे आणि शरीराचे फोटो न टाकणाऱ्या, आज पोळी खाताना रडू आलं पण खाल्ली असं सांगणाऱ्या एका मुलीमुळे तिला खरंच धीर आला. आमची कसोटी साधी: ते बघितल्यावर पुढचं जेवण सोपं गेलं की अवघड?

कंपन्या बंदी घालतील या भरवशावर राहू नका. टिकटॉकने जून २०२५ मध्ये 'स्किनीटॉक' हा अति बारीक होण्याचा गौरव करणारा हॅशटॅग शोधायला बंद केला, पण अशा बंदीनंतर स्पेलिंग बदलून तेच परत येतं. आणि अल्गोरिदमला तुमचा राग कळत नाही, तुम्ही थांबून बघितलंत एवढंच कळतं. आम्ही दोघींनी शेजारी बसून 'नॉट इंटरेस्टेड' दाबत एक संध्याकाळ घालवली, इन्स्टाग्रामच्या सुचवण्या रीसेट केल्या, काही अकाउंट्स अनफॉलो केली. कोणती, हे तिने ठरवलं. मी ठरवलं असतं तर ती परत जोडली गेली असती.

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपकडे मात्र माझं लक्षच नव्हतं. दिवाळीचा फोटो टाकला आणि आत्याने प्रेमाने लिहिलं, "आता कशी छान गुटगुटीत दिसतेस!" त्या रात्री ताट तसंच परत आलं. आता सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलंय: शरीराबद्दल काहीच बोलू नका, कौतुकसुद्धा नको.

चक्कर, नाडी मंद होणं, पाळी थांबणं, वारंवार उलट्या असं काही दिसलं तर फोनची सेटिंग्ज बघत बसू नका, डॉक्टर गाठा. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं निघालं तर एकटं सोडू नका, थेट हॉस्पिटल. रात्री-अपरात्री बोलायला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि हो, 'जेवताना फोन नको' हा आमच्या घरचा जुना नियम समुपदेशकांनीच मोडायला लावला. जेवतानाचा आणि त्यानंतरचा अर्धा तास तिला सगळ्यात जड जातो, तेव्हा मन दुसरीकडे गुंतलेलं बरं. सध्या वरणभात एका मांजराच्या व्हिडिओंबरोबर संपतो. ते मांजर मला अजिबात आवडत नाही, पण मीही बघते.